पटकीचे विष आणि एआरएफ : पेशीतील वाहतूक सांभाळणारी छोटी जीटीपी-बंधक प्रथिने

करवीरकाठ :
पंचगंगेला पूर आला की कोल्हापुरात पाणी उकळून पिण्याच्या सूचनांबरोबर पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, नाव हमखास निघते. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गात अशाच चर्चेत निघालेला एक प्रश्न इथे मांडतो, कारण पाठ्यपुस्तके त्याला एका ओळीत उरकतात. पटकीच्या विषाचे लक्ष्य जीएस हे तीन घटकांचे मोठे जी-प्रथिन, म्हणजे जीटीपी हा छोटा रेणू धरून चालू होणारे आणि त्याचे जीडीपी केल्यावर बंद होणारे प्रथिन, आहे. असे असताना त्या विषाला एआरएफ नावाच्या वेगळ्याच, जीएसच्या अल्फा घटकाच्या निम्म्याहून लहान अशा जीटीपी-बंधक प्रथिनाची गरज का पडते, आणि तेच प्रथिन पेशीतल्या प्रथिनांची वर्गवारी आणि पाठवणी करणाऱ्या गॉल्जी संकुलाच्या वाहतुकीत मुख्य भूमिकेत कसे सापडते?

थोडी पार्श्वभूमी देतो. पटकीचा जंतू आतड्यात विष सोडतो हे शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात सशाच्या बांधलेल्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ मध्ये दाखवले. जंतू पूर्णपणे गाळून काढलेल्या द्रवानेही आतडे पाण्याने फुगत होते. या विषाचे दोन भाग असतात. पाच बी घटकांचे कडे पेशीच्या पृष्ठभागावरील जीएम१ या गँग्लिओसाइडला, म्हणजे साखर जोडलेल्या मेदरेणूला, चिकटते, आणि ए घटकाचा ए१ हा तुकडा विकर म्हणून काम करतो. तो एनएडी या पेशीतील सहविकरापासून एडीपी-रायबोज काढून जीएसच्या अल्फा घटकातील २०१ क्रमांकाच्या आर्जिनीनवर बसवतो. हे आर्जिनीन जीटीपीचे विघटन घडवून आणण्यात भाग घेत असल्यामुळे जीएस जीटीपी-बद्ध अवस्थेतच अडकून पडते, सीएएमपी हा संदेशवाहक रेणू बनवणारे ॲडेनिलेट सायक्लेज थांबत नाही, सीएएमपी वाढत राहते, पेशीपटलातील सीएफटीआर वाहिनीतून क्लोराइड बाहेर पडते आणि त्यामागे पाणी जाते.

हे परीक्षेपुरते झाले. खरी गंमत पुढे आहे. शुद्ध केलेले विष आणि शुद्ध केलेले जीएस एकत्र केले तर अभिक्रिया नीट होत नव्हती. पेशीतले आणखी काहीतरी लागत होते. रिचर्ड कान आणि आल्फ्रेड गिलमन यांनी १९८४ मध्ये ते साहाय्यक प्रथिन वेगळे केले आणि १९८६ मध्ये ते स्वतःच जीटीपी-बंधक असल्याचे दाखवले. हेच एआरएफ. त्यानंतर काही वर्षांतच ते गॉल्जीवर आढळले, आणि १९९१ मध्ये जेम्स रॉथमन यांच्या गटाने गॉल्जीपासून सुटणाऱ्या पुटिकांच्या (माल वाहणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांच्या) आवरणाचाच ते एक भाग असल्याचे दाखवले. थोडक्यात, विषाचा साहाय्यक म्हणून सापडलेले हे प्रथिन मुळात वाहतुकीच्या कामासाठी नेमलेले होते आणि विषाने त्याला वाटेत गाठून वापरले.

माझे म्हणणे असे आहे की या प्रथिनांकडे 'चालू' आणि 'बंद' अशा दोन स्थितींच्या हिशेबाने पाहणे अपुरे आहे. जीटीपी घेणे, काम करणे, जीटीपीचे जीडीपी करणे आणि पुन्हा मोकळे होणे हे चक्र फिरत राहण्यालाच पेशीच्या दृष्टीने अर्थ आहे. विषे हे चक्र एका ठिकाणी रोखतात, आणि कोणत्या ठिकाणी रोखले याला आपण समजतो त्यापेक्षा कमी महत्त्व आहे. यावर मतभेद असल्यास अवश्य मांडावेत.

कृष्णाकाठचा_वैद्य :
सर, मी शिरोळ तालुक्यात व्यवसाय करतो. आपले विवेचन वाचून एक व्यावहारिक शंका आली. जीएस एकदा अडकले की विषाला त्याची पर्वा नसते आणि प्रतिजैविकाने जंतू मारले तरी अडकलेले प्रथिन सुटत नाही. मग रुग्ण बरा होतो तो नेमका कशाने? आणि सीएएमपी इतके वाढलेले असताना जलसंजीवनी शोषली जाते कशी?

करवीरकाठ :
डॉक्टरसाहेब, दोन्ही प्रश्नांची उत्तरे विषाला जिथे हात घालता येत नाही तिथे आहेत. आतड्याच्या अस्तरातील पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. अडकलेले जीएस त्या जुन्या पेशींबरोबरच निघून जाते. तोपर्यंत रुग्णाला तगवणे हाच उपचार, कारण तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. प्रतिजैविकाने नवे विष तयार होणे थांबते आणि आजाराचा कालावधी कमी होतो, एवढाच त्याचा वाटा.

जलसंजीवनीबाबत सांगायचे तर ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत नेणारे एसजीएलटी१ हे प्रथिन सीएएमपीमुळे बंद पडत नाही. साखर आत येते, तिच्याबरोबर सोडियम येते आणि पाणीही येते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत याच तत्त्वावर मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांतून वाटले, आणि शिरेतून सलाईन देणे अशक्य असलेल्या परिस्थितीत मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून सुचवलेल्या द्रावणात सोडियम आणि ग्लुकोज हे दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल असतात. हे समप्रमाण त्या जोडवाहतुकीला धरूनच आहे.

सागरमाळ :
नमस्कार सर. मी एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एआरएफची दोन कामे वाचून माझा गोंधळ वाढला आहे. ब्रेफेल्डिन-ए हे बुरशीपासून मिळणारे संयुग दिले की पेशीवर पटकीच्या विषाचा परिणाम होत नाही, असे मी वाचले आहे. ब्रेफेल्डिन एआरएफचे चक्र बिघडवते. मग परिणाम होत नाही तो ए१ तुकड्याला साहाय्यक मिळत नाही म्हणून, की विषाचा प्रवासच खुंटतो म्हणून? हे वेगळे कसे करायचे?

पटलशोधक :
सागरमाळ यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी पुण्यात पेशीशास्त्रात काम करत असलो तरी मूळचा कोल्हापूरचा आहे, त्यामुळे या धाग्यात बोलण्याचा हक्क सांगतो.

आधी प्रवास पाहू. पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेले विष एंडोसोममध्ये (बाहेरून आत घेतलेल्या मालाच्या पिशवीत) जाते, तिथून गॉल्जीकडे आणि गॉल्जीतून आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे जिथे नव्या प्रथिनांची घडी बसते त्या पटलांच्या जाळ्यात. स्वतःची प्रथिने पेशी ज्या दिशेने बाहेर पाठवते, त्याच्या अगदी उलट दिशेने हा प्रवास होतो. आंतर्द्रव्यजालिकेत ए१ सुटा होतो आणि, घडी बिघडलेली प्रथिने पेशी ज्या मार्गाने बाहेर टाकते त्या मार्गाने, पेशीद्रव्यात उतरतो. ए घटकाच्या शेपटीला केडीईएल हा चार अमिनो आम्लांचा क्रम असतो. आंतर्द्रव्यजालिकेतून चुकून पुढे गेलेली प्रथिने ज्या खुणेवरून परत आणली जातात तीच ही खूण आहे, आणि ती परतीची वाहतूक कोप-१ आवरणाच्या पुटिका करतात, ज्यांचे आवरण एआरएफ१ बसवते. ही खूण काढून टाकली तरी विष पूर्ण निकामी होत नाही, फक्त मंदावते, हेही सांगायला हवे. पेशीत एकच वाट क्वचितच असते.

आता ब्रेफेल्डिन. एआरएफवरील जीडीपी काढून जीटीपी बसवणाऱ्या प्रथिनांपैकी काहींवर ते काम करते, आणि तेही अनोख्या पद्धतीने. ते एआरएफ-जीडीपी आणि अदलाबदल करणारे प्रथिन यांच्यामधल्या खाचेत शिरून ती जोडी अर्ध्यावरच गोठवते. आवरण बसत नाही, गॉल्जीचा डोलारा कोसळतो आणि तिचा बराचसा भाग आंतर्द्रव्यजालिकेत मिसळतो. पेशीवर होणारा परिणाम प्रामुख्याने प्रवास अडल्याचा आहे, असे मानायला चांगला आधार आहे. विष लावल्यापासून सीएएमपी वाढू लागेपर्यंत जो उशीर होतो तो प्रवासाचा असतो, आणि परीक्षानळीत, जिथे गॉल्जी नसतेच, तिथे तोडून सुटा केलेला ए१ हा प्रवास न करताच काम करतो.

साहाय्यकाची भूमिका मात्र तितकीच खरी आहे आणि ती स्फटिकरचनेतून दिसली. २००५ मध्ये ए१ आणि जीटीपी-बद्ध एआरएफ६ यांची एकत्रित रचना प्रसिद्ध झाली. एआरएफ६ हे ए१च्या क्रियास्थळापासून दूर चिकटते, पण त्याच्या चिकटण्याने क्रियास्थळावर आडवा आलेला फास बाजूला होतो आणि एनएडीला जागा मिळते. एआरएफ आपल्या नेहमीच्या सहकाऱ्यांना ज्या पृष्ठभागाने धरते, साधारण त्याच पृष्ठभागाने ते विषालाही धरते. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पेशीवरच्या एका प्रयोगातून त्या वेगळ्या करता येत नाहीत, परीक्षानळी आणि पेशी यांची सांगड घालावी लागते.

सागरमाळ :
धन्यवाद. म्हणजे ए१ला जीटीपी-बद्ध एआरएफच हवे असते, जीडीपी-बद्ध चालत नाही. मग ते स्वतः एआरएफचे चक्र अडवते का?

पटलशोधक :
ए१ला जीटीपी-बद्धच रूप लागते हे बरोबर. त्याच्या हल्ल्याचे लक्ष्य मात्र एआरएफ नाही. एडीपी-रायबोज बसतो तो जीएसवर. एआरएफचे चक्र हाताने अडवले तर काय होते, हे वेगळ्या प्रयोगांनी दाखवले आहे. एआरएफ१मधील ७१ क्रमांकाच्या ग्लुटामिनाचे ल्युसीन केले तर जीटीपीचे विघटन होत नाही, आणि ३१ क्रमांकाच्या थ्रिओनिनाचे ॲस्परजीन केले तर ते जीडीपीच्या बाजूला राहते. दुसऱ्या बदलाने गॉल्जी विस्कळीत होते, हे अपेक्षितच होते. पहिल्याने मात्र आवरण चढते आणि उतरतच नाही. आवरण न उतरलेली पुटिका पुढच्या पटलाशी एकरूप होऊ शकत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर, कारखान्याच्या गव्हाणीवर भरलेली ट्रॉली रिकामीच झाली नाही तर मागची सगळी रांग खोळंबते. जीटीपीऐवजी विघटन न होणारा जीटीपी-गॅमा-एस वापरून गॉल्जीतील वाहतूक थांबवता येते आणि आवरणासह पुटिका साठतात, हे रॉथमन यांच्याच प्रयोगशाळेतील जुने निरीक्षण आहे. करवीरकाठ सरांच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

राजारामपुरीचा_औषधविक्रेता :
विषांचा विषय निघाला आहे तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसीलचा उल्लेख राहू नये. प्रतिजैविकांच्या दीर्घ वापरानंतर होणाऱ्या जुलाबांमागे बऱ्याचदा तो असतो, आणि चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मागणाऱ्या ग्राहकांना मी रोज नकार देतो त्याचे हेही एक कारण आहे. त्याची ए आणि बी ही विषे थेट छोट्या जीटीपी-बंधक प्रथिनांवरच हल्ला करतात, हे १९९५ मध्ये कळले. यूडीपी-ग्लुकोजमधील ग्लुकोज काढून ती ऱ्हो या छोट्या जीटीपी-बंधक प्रथिनाच्या ३७ क्रमांकाच्या, आणि त्याची भावंडे रॅक व सीडीसी४२ यांच्या ३५ क्रमांकाच्या थ्रिओनिनावर बसवतात. जीटीपी बसल्यावर जो भाग हलायला हवा तो मग हलत नाही, पेशीला आकार देणारा ॲक्टिनचा सांगाडा ढासळतो, पेशी गोल होतात आणि शेजारच्या पेशींशी असलेले घट्ट जोड सुटतात. ही विषे गॉल्जीपर्यंत जात नाहीत. एंडोसोममधील आम्लता वाढली की तिथूनच पटल भेदून पेशीद्रव्यात उतरतात.

आता माझी शंका. हे विष ऱ्होला बंद ठेवते. ई. कोलायच्या काही प्रकारांचे सीएनएफ१ हे विष नेमके उलट करते. ते ऱ्होच्या ६३ क्रमांकाच्या ग्लुटामिनाचे ग्लुटामिक आम्ल करते, त्यामुळे जीटीपी विघटन पावत नाही आणि ऱ्हो कायमचे चालू राहते. दोन्ही टोके रोगकारकच असतील, तर चालू-बंद हा भेद खरोखर निरर्थक आहे का? एकात पेशी गोल होते, दुसऱ्यात ती पसरते. चित्र तर वेगळे दिसते.

करवीरकाठ :
आपली शंका रास्त आहे. चित्र वेगळे दिसते हे नाकारण्याचे कारणच नाही, आणि भेद निरर्थक आहे असा दावाही नाही. त्याला आपण देतो तितके महत्त्व नाही, एवढेच. ज्या कामात प्रथिनाला पुन्हापुन्हा फिरावे लागते त्या कामापुरते दोन्ही टोके सारखीच घातक ठरतात. पेशी सरकते तेव्हा पुढच्या कडेला रॅक चालू आणि मागच्या कडेला ऱ्हो चालू, अशी जागांची अदलाबदल सतत चाललेली असते. सगळे ऱ्हो चालू करा किंवा सगळे बंद करा, सरकणे थांबते. आणि आपण सांगितलेले ६३ क्रमांकाचे ग्लुटामिन, एआरएफ१मधील ७१ क्रमांकाचे, तसेच अनेक कर्करोगांत बदललेले आढळणारे रास प्रथिनातील ६१ क्रमांकाचे ग्लुटामिन, ही रचनेत एकाच जागेची भावंडे आहेत. कर्करोगात अपघाताने होणारा बदल आणि विषाने हेतुपुरस्सर केलेला बदल एकाच बिंदूवर येतात.

एक भर घालतो. ऱ्हो बंद पडले आहे हे शरीरालाही कळते. पायरिन हे प्रथिन विषाला ओळखत नाही. कोणत्याही विषाने ऱ्हो निष्क्रिय केले की ते दाहाची यंत्रणा सुरू करते. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे शरीराचा पहारा शत्रूवर नाही, चक्रावर आहे.

पटलशोधक :
करवीरकाठ सरांच्या मांडणीला एक मर्यादा घालावी लागेल, आणि ती यीस्टमधून येते. रॅब हे पुटिकांना योग्य पटलाशी जोडणाऱ्या छोट्या जीटीपी-बंधक प्रथिनांचे कुळ आहे, आणि त्यातील वायपीटी१ हे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जीकडे जाणाऱ्या वाहतुकीला आवश्यक आहे. त्यात त्याच जागेचे ग्लुटामिन, इथे ६७ क्रमांकाचे, बदलून ल्युसीन केले की जीटीपीचे विघटन फार मंदावते, तरीही यीस्ट व्यवस्थित वाढते. हे १९९८ मध्ये दाखवले गेले. तेव्हा विघटन हे सर्वच छोट्या जीटीपी-बंधक प्रथिनांत सारखे निर्णायक नाही. एआरएफ आणि त्याचे भावंड सार१ यांच्या बाबतीत आवरण उतरवण्याचे काम विघटनाला बांधलेले आहे. रॅबच्या बाबतीत पटलावर येणे आणि सांगड घालणाऱ्या प्रथिनांना बोलावणे हे मुख्य काम जीटीपी-बद्ध अवस्थेत उरकते, आणि विघटन त्यानंतर प्रथिन परत नेण्यासाठी लागते.

करवीरकाठ :
मान्य. मांडणी एआरएफ, सार१ आणि ऱ्हो यांना जितकी लागू पडते तितकी प्रत्येक रॅबला पडत नाही. पण मग न्यूमोनिया घडवणाऱ्या लेजिओनेला जंतूने रॅब१साठी, म्हणजे वायपीटी१च्या आपल्या पेशींतील भावंडासाठी, एवढा खटाटोप का केला असावा, हे मला आपल्याकडून समजून घ्यायला आवडेल.

पटलशोधक :
चांगला प्रश्न विचारलात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात निवृत्त सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली आणि तिच्या तपासातून हा जंतू सापडला. तो पेशीत शिरल्यावर स्वतःभोवती आंतर्द्रव्यजालिकेसारखी दिसणारी पुटिका उभी करतो, आणि त्यासाठी त्याला गॉल्जीकडे निघालेल्या पुटिका आपल्याकडे वळवून हव्या असतात. म्हणून तो रॅब१ पकडतो. डीआरआरए हे त्याचे प्रथिन रॅब१वर जीटीपी बसवते आणि मग त्याच्या एका टायरोसिनावर एएमपी चिकटवते, त्यामुळे पेशीची बंद करणारी प्रथिने त्याला हात लावू शकत नाहीत. इथवर ही अडकवण्याचीच कथा आहे. पण त्याच जंतूचे सिडडी हे दुसरे प्रथिन तो एएमपी काढून टाकते, आणि लेपबी हे तिसरे प्रथिन जीटीपीचे विघटन घडवून आणते. तोच अडकवतो आणि काम झाल्यावर तोच सोडवतो. एआरएफ१ला पुटिकेवर खेचण्यासाठी त्याचे राल्फ नावाचे स्वतंत्र प्रथिन आहे. पेशीतून पाणी उपसायचे नसून आत राहून घर चालवायचे असते, तेव्हा चक्र थांबवून भागत नाही, त्याची वेळ आपल्या ताब्यात घ्यावी लागते.

कृष्णाकाठचा_वैद्य :
या यादीत धनुर्वाताचे विष बसते का? आमच्याकडे शेतात खिळा लागून येणारे रुग्ण अजूनही दिसतात.

पटलशोधक :
लक्ष्य म्हणून बसत नाही. ते सिनॅप्टोब्रेविन या प्रथिनाला तोडते, जे पुटिकेला पेशीपटलाशी एकरूप करणाऱ्या यंत्रणेतले आहे आणि जीटीपी-बंधक नाही. प्रवासी म्हणून मात्र बसते, कारण चेतातंतूच्या टोकाकडून मज्जारज्जूकडे ते ज्या पुटिकांतून जाते त्यांच्यावर रॅब५ आणि रॅब७ यांचा अंमल असतो. डांग्या खोकल्याचे विष पटकीच्या विषासारखेच मोठ्या जी-प्रथिनावर एडीपी-रायबोज बसवते, पण त्याला एआरएफची गरज लागत नाही.

पन्हाळ्याची_पायवाट :
शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एरंडाच्या बियांतील रिसिनही याच उलट मार्गाने जाते ना? लहान मुलांच्या हाती त्या बिया लागू नयेत म्हणून आम्ही घराजवळचे एरंड तोडून टाकतो.

पटलशोधक :
होय, एंडोसोम, गॉल्जी आणि आंतर्द्रव्यजालिका असाच तो प्रवास आहे. पोहोचल्यावर ते रिबोसोममधील आरएनएचे एक ॲडेनिन काढून टाकते आणि प्रथिननिर्मिती थांबवते, हे वेगळे. आमांशाच्या जंतूच्या शिगा विषाची वाटही अशीच आहे, आणि त्या विषाच्या गॉल्जीपासून आंतर्द्रव्यजालिकेकडच्या टप्प्यात कोप-१पेक्षा वेगळी, रॅब६वर चालणारी वाट आढळली आहे. २०१० मध्ये रेट्रो-२ नावाचे लहान संयुग सापडले. ते या दोन्ही विषांना एंडोसोमपासून गॉल्जीकडे जाऊ देत नाही, आणि उंदरांना रिसिनपासून वाचवते. विषाला मारण्याऐवजी त्याची वाट अडवण्याचा हा मार्ग आहे. घराजवळचे एरंड तोडण्याची आपली सवय अर्थातच योग्य आहे.

सागरमाळ :
शेवटची विनंती. हे सगळे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत थोडेफार पाहता येईल का? विषे हाताळणे आम्हाला शक्य नाही आणि पेशीसंवर्धनाची सोय नाही.

करवीरकाठ :
विषाची गरज नाही, यीस्ट पुरेसे आहे. रँडी शेकमन यांच्या प्रयोगशाळेने १९८० पर्यंत स्रवणाची २३ जनुके यीस्टमध्ये शोधली होती. त्यांपैकी सेक४ या जनुकाचे प्रथिन रॅब कुळातले असल्याचे १९८७ मध्ये स्पष्ट झाले, आणि बाहेर निघालेल्या पुटिकांचा शेवटचा टप्पा त्याच्यावर अवलंबून असतो. सेक४-८ हा उत्परिवर्तित प्रकार २५ अंशांवर वाढतो आणि ३७ अंशांवर थांबतो. एखाद्या संशोधन प्रयोगशाळेकडून तो मागवावा लागेल.

यीस्ट इन्व्हर्टेज हे विकर पेशीभित्तिकेत सोडते आणि त्याने उसाची साखर फुटते. साखर तरी कोल्हापुरात शोधावी लागणार नाही. माध्यमातले ग्लुकोज कमी करून इन्व्हर्टेज तयार होऊ द्या, आणि त्याच वेळी अर्धे संवर्धन ३७ अंशांवर न्या. नंतर अखंड पेशींना साखर देऊन तयार झालेले ग्लुकोज मोजा, आणि पेशी फोडून पुन्हा मोजा. २५ अंशांवर बहुतेक क्रिया बाहेर दिसेल. ३७ अंशांवर ती आत साठलेली दिसेल, कारण पुटिका तयार होतात पण पटलाशी एकरूप होत नाहीत. मूळ, बदल नसलेला प्रकार दोन्ही तापमानांना शेजारी ठेवायला विसरू नका, नाहीतर तापमानाचा सर्वसाधारण परिणाम आणि सेक४चा परिणाम यांत गल्लत होईल.

सागरमाळ :
ग्लुकोज मोजायला डीएनएस (रंगावरून साखर मोजण्याची) पद्धत चालेल का?

करवीरकाठ :
चालेल, पण साखर फुटल्यावर ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही येते आणि डीएनएस दोन्ही मोजते. फक्त ग्लुकोज हवे असेल तर ग्लुकोज ऑक्सिडेजची पद्धत वापरा. आत आणि बाहेर यांची तुलनाच करायची असेल तर डीएनएस पुरेशी आहे. दोन्ही नमुन्यांना समान पेशीसंख्या आणि समान वेळ द्या, आणि साखरेचे द्रावण ताजे बनवा.

पटलशोधक :
पेशी फोडण्याआधी त्या थंड सोडियम ॲझाइडमध्ये धुवा, म्हणजे मोजणी चालू असताना उरलेले स्रवण थांबेल. ॲझाइड विषारी आहे. हातमोजे घालूनच काम करा, आणि ते आम्लात मिसळू देऊ नका किंवा तसेच नळाखाली ओतू नका.

सागरमाळ :
हा प्रकार मागवण्यासाठी मार्गदर्शकांशी उद्याच बोलते. मिळाल्यावर आकडे इथेच टाकते.